कौशल्याक्कांची तीन पेनं

बंगळूरच्या जुन्या येलहंक्यात पस्तिशीच्या आतलं आणि कौशल्याक्कांच्या हाताखालून न गेलेलं माणूस सापडणं कठीण. अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं त्यांनी गल्लीतल्या पोरांची नाकं पुसली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी समोरून बँकेतला साहेब झालेला एखादा जुना विद्यार्थी आला, की त्या आधी त्याच्या नाकाकडेच बघतात.

माणसांबद्दल त्यांचं मत एकंदरीत वाईटच होतं. व्हाइटफील्डकडून रोज तीन-तीन तास गाडीत बसून घरी येणारी माणसं त्यांना मूर्ख वाटत. पुण्याहून नव्याने आलेली मराठी मंडळी बोलायला लागली, की ही वर्गात धडा वाचून दाखवतायत की काय, असं त्यांना वाटे. त्यांचे यजमान प्रतापराव पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आपले पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून या गावात आले, हे ते पाहुण्यांना न चुकता सांगत.

"घोड्यावरून आले," अक्का आतून म्हणत, "आणि आता कोपऱ्यावरच्या बेकरीत जायला दम लागतो."

पण त्यांचा सगळ्यात खास, जपून ठेवलेला तिरस्कार होता तो वरून येणाऱ्या फॉर्मांबद्दल. घरी रेडिओ आहे का, म्हशी किती, पाणी उकळता का, कितीदा उकळता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं होतं, की हे कागद कुणी वाचत नाही. एकदा त्यांनी मुद्दाम एका घरात चौदा म्हशी लिहून पाठवल्या होत्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या टेलरच्या घरात. कुणी हूं की चूं केलं नाही.

तेव्हापासून अक्कांनी एक पद्धत बसवली. तीन पेनं. एक निळं, एक काळं, आणि एक निळंच, पण अडखळत चालणारं. जेवणं आवरली की मोरीजवळच्या पाटावर बसायचं आणि शंभर-सव्वाशे घरं एका दुपारी उरकायची. दर दहा फॉर्मांनी पेन बदलायचं. मग थोडे चार घड्या घालून गादीखाली ठेवायचे, एकावर कॉफीचा थेंब, एकावर हळदीचा अंगठा. कागद ऊन खाऊन, चार उंबरे चढून आल्यासारखा दिसला पाहिजे. मात्र पोरांच्या वजनात आणि त्यांच्या उप्पिटात अक्कांनी कधी रतीभर फरक केला नाही. पोरं खरी होती. फॉर्म खोटे होते. त्यांच्या डोक्यात हा हिशेब स्वच्छ होता.

अंगणवाडीच्या दारात गोणीचं झाड आहे. वडाचंच भावंड, पण पारंब्या कमी आणि पसारा मोठा. त्याला वटवाघळं लटकतात, दिवसाढवळ्या, काळ्या छत्र्या वाळत घातल्यासारखी. अक्का त्यांना शिव्या देत रोज सकाळी अंगण झाडायच्या. "भाडं नाही, पागडी नाही, वर घाण करून ठेवतात, मेले." पण एका दिवाळीत कुणीतरी त्या झाडाखाली फटाक्यांची माळ लावली, तेव्हा अक्का खराटा घेऊन त्याच्यामागे रेल्वे फाटकापर्यंत धावल्या होत्या. शिव्या द्यायचा हक्क त्यांचा एकटीचा होता.

मग भिंतीपलीकडे सात मजली अपार्टमेंट झालं. वटवाघळांची घाण मोटारींच्या टपावर पडू लागली. टीव्हीवर वटवाघळांपासून येणाऱ्या तापाच्या बातम्या आल्या आणि अपार्टमेंटचे सेक्रेटरी सुधींद्र यांनी झाड तोडायच्या परवानगीचा अर्ज केला. त्याच सुमारास इंदिरानगरातली एक संस्था गावात उतरली. स्थानिक लोकांना वन्यजीव आणि आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं, वटवाघळं आणि माणसं शेजारी कशी राहतात ते त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचं, आणि ती माहिती झाडाच्या सुनावणीत मांडायची, असा बेत. चार बायका निवडल्या. त्यांत गटप्रमुख म्हणून कौशल्याक्का. हिरव्या टोप्या मिळाल्या. टोपीवर वटवाघळाचं चित्र, तेही उलटं. म्हणजे वटवाघूळ सुलटं.

"हे बघा यांचं शहाणपण," अक्का शेजारच्या शिवानीला म्हणाल्या. "झाडाखाली उभं राहून एकदा मान वर केली असती तरी कळलं असतं."

शिवानी घरी ब्लाउज शिवते. तीही अक्कांच्याच अंगणवाडीतली. ती हसली, पण टोपी तिने नीट घडी करून पिशवीत ठेवली. तिला हे सगळं आवडलं होतं.

शिकवायला आली डॉक्टर नयना. जनावरांची डॉक्टर, मूळची पुण्याची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "कौशल्याताई, तुमचं मराठी किती गोड आहे! काहीतरी वेगळंच!"

"अक्का म्हणा," अक्का म्हणाल्या. "आणि वेगळं तुमचं आहे, मॅडम. आमचं इथलंच आहे."

तिच्याबरोबर ईशान नावाचा मुलगा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सुपर". त्याच्यावर अक्कांनी फार वेळ घालवला नाही. एकदा वरून खालपर्यंत बघितलं आणि निकालात काढला.

दहा दिवस वर्ग चालला. खाली पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका. मेलेलं दिसलं तर फोन करा. पाण्याची भांडी झाका. दात लागलेलं फळ खाऊ नका. कोरडी विष्ठा झाडू नका, आधी पाणी शिंपडा, धूळ उडू देऊ नका.

"अठ्ठावीस वर्षं सडा घालूनच झाडते मी," अक्का म्हणाल्या. "आमच्यात केर काढायला डिग्री लागत नाही."

नयना रागावली नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं. हेही अक्कांना आवडलं नाही. टोमणा मारला की माणसाने टोमण्यासारखा घ्यावा, टिपून काय ठेवायचा?

संध्याकाळी मोजणी असे. वटवाघळं बाहेर पडताना एकेकीने आकाशाचा एक तुकडा धरून बसायचं आणि दहा-दहाने मोजायचं. पहिल्या दिवशी ईशानने सगळ्यांना पश्चिमेकडे बसवलं, सूर्यास्ताचा फोटो छान येतो म्हणून. अक्का एकट्याच खुर्ची उचलून तळ्याच्या बाजूला जाऊन बसल्या. वटवाघळं सगळी तळ्याकडूनच गेली. ईशानच्या यंत्रावर चौदा आली आणि अक्कांच्या बोटांवर सहाशे चाळीस. "सुपर," ईशान म्हणाला.

शेवटच्या आठवड्यात फॉर्म आले. चौघींना तीस-तीस घरं, एकूण एकशेवीस. प्रत्येकी चार पानं. अक्कांनी गठ्ठा हातात घेऊन नुसत्या वजनावरून ओळखलं, की यात म्हशी आहेत.

"द्या सगळे माझ्याकडे," त्या तिघींना म्हणाल्या. "या उन्हात कशाला फिरता? मी करते."

दोघींनी आनंदाने दिले. शिवानीने सात फॉर्म ठेवून घेतले. "मी जाऊन येते की, अक्का. त्यांनी सांगितलंय ना."

"जा. उन्हाने काळी पडलीस तर संस्थेकडून क्रीम माग."

शिवानी खरोखरच सात घरं फिरली. उरलेले एकशेतेरा फॉर्म घेऊन अक्का दुपारी पाटावर बसल्या. प्रश्न क्रमांक एकोणीस होता : वटवाघळाने उष्टं केलेलं फळ तुमच्या घरी खाल्लं जातं का? 'हो' असेल तर खूण करा. 'नाही' असेल तर कारण तीन ओळींत लिहा. लोकांचं पारंपरिक ज्ञान गोळा करण्याची ही ईशानची कल्पना होती.

अक्कांनी तीन ओळींकडे बघितलं, एकशेतेराला तीनने गुणलं, आणि 'हो' वर खूण करायला सुरुवात केली.

"सगळ्यांनाच हो?" प्रतापरावांनी चष्म्यातून डोकावून विचारलं.

"मधे मधे 'नाही' घालते की. नऊ-दहा. सगळंच एकसारखं दिसलं तर शंका येते."

"आणि कुणी वाचलं तर?"

अक्का इतक्या हसल्या, की अडखळत्या पेनाची शाई सांडली. तो डाग त्यांनी तसाच ठेवला. चांगला दिसत होता.

आठ दिवसांनी, एका गुरुवारी, समाजमंदिरात निकाल सांगायला सगळे जमले. चौघी बायका, गल्लीतली पंधरावीस माणसं, पहिल्या रांगेत सुधींद्र. ईशानने पडद्यावर एक लालभडक वर्तुळ दाखवलं. त्याला एक पांढरी फट होती.

"सत्त्याऐंशी टक्के," तो म्हणाला. "एकशेवीसपैकी एकशेचार घरांत उष्टी फळं खाल्ली जातात. शॉकिंग आहे. असं कुठेच सापडलेलं नाही."

नयनाचा चेहरा उतरला होता. "मी पाच टक्के धरले होते," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, इथले लोक नीट काळजी घेतात हे आपण सोमवारच्या सुनावणीत दाखवू आणि झाड वाचेल." मग ती बायकांकडे वळली. "दहा दिवस मी काय शिकवलं तुम्हाला?"

सुधींद्र उठले. सभ्य माणूस. आवाज कधी चढवत नाहीत. ते कन्नडमध्ये म्हणाले, "झाडाशी आमचं वैर नाही. पण आता डॉक्टरांचाच आकडा आहे. तुमची पोरं आजारी पडू नयेत, हीच आमचीही इच्छा. या रिपोर्टची एक प्रत मला द्या, अर्जाला जोडतो. सोमवारी काम होईल."

कौशल्याक्कांच्या कानात काहीतरी वाजलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी फॉर्म वाचला होता.

आणि वाचून काय केलं होतं, तर खरा मानला होता! अक्कांनी एकेकाकडे बघितलं. एवढी शिकलेली माणसं, पण एकालाही सुचू नये? त्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, आमच्या गल्लीत फळझाडं किती?"

"म्हणजे?"

"तीन पेरू आणि दोन चिकू. मिळून पाच. एकशेचार घरं उष्टी फळं खातात म्हणजे काय, वटवाघळं घरपोच देतात?"

मागे लोक हसले. ईशान हसला नाही. "मॅम, लोक कॅमेऱ्यासमोर लाजतात, फॉर्मवर खरं सांगतात. आणि सँपल मोठं आहे."

"अहो, पण डोकं..."

"आकडा आहे, अक्का," सुधींद्र मऊपणे म्हणाले. "आकड्याशी कसं भांडणार?"

अक्का खाली बसल्या. शिवानी त्यांच्याकडे बघत होती. तीन वर्षांची असताना झाडाखाली बसून, दुसऱ्याने तिची पाटी फोडली की बघायची, तशी. ते बघणं अक्कांना अजिबात सहन झालं नाही. त्यांनी पिशवीत हात घातला, पुढे गेल्या आणि टेबलावर तीन पेनं ठेवली. एकापुढे एक.

"हे तुमचं सँपल," त्या म्हणाल्या. "हे निळं, हे काळं, आणि हे अडखळतं. मी एका घरातही गेले नाही. शिवानीची सात घरं खरी. बाकीची एकशेतेरा माझ्या मोरीजवळ बसून लिहिली. 'नाही'ला तीन ओळी होत्या, म्हणून 'हो' लिहिलं."

मागच्या रांगेतली माणसं पेनं बघायला उठून उभी राहिली.

"ऐय्यो," मागून कुणीतरी म्हणालं. "अक्का?" ज्या माणसाचं नाक त्यांनी तीन वर्षं पुसलं होतं, त्याचा तो आवाज होता.

ईशान आधी सावरला. खालच्या आवाजात, भराभर बोलू लागला. रिपोर्ट देणगीदारांना गेला आहे. आता मागे घेतला तर सगळ्या प्रकल्पावर प्रश्न येईल. थोडीफार चूक सगळ्याच सर्व्हेत असते, तळटीप टाकू. अक्का ऐकत होत्या. आपल्यापेक्षा खालच्या दर्जाचं काम करणारा माणूस भेटला, की त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर जात असे. तो गेला.

"मी तरी टेलरच्या म्हशीच लिहिल्या," त्या म्हणाल्या. "झाड नाही तोडलं."

"तोडणारच होतात," नयना म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही काय केलंत?"

"ठाऊक आहे म्हणून तर उठले. नाहीतर घरी जाऊन भात लावला असता."

नयनाने हात पुढे केला. "टोपी."

अक्कांनी टोपी काढून दिली. चारचौघांत. शिवानीने मान खाली घातली.

"उद्या सकाळी सात वाजता," नयना म्हणाली. "एकशेतेरा घरं, सोमवारच्या आत. मी बरोबर येणार. पेन माझं."

शुक्रवारी ती अक्कांशी एक शब्द बोलली नाही. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. अक्का दारात उभ्या राहून प्रश्न विचारत आणि नयना त्या लिहितात की नाही ते बघत असे. आणि घरोघर एकच प्रकार.

"अक्का, तुम्हाला बरं वाटेल ते लिहा की," लोक म्हणत. "आत या, कॉफी घ्या स्वल्प."

"मला काय बरं वाटायचंय? तू खातोस की नाही, ते सांग!"

"खात असलो तर काय फायदा?"

"काही नाही."

"मग नाही."

"खरं सांग, मेल्या!"

खरं काढायला एकेका घरी पंधरा मिनिटं लागत. 'शी!' हे कारण तीन ओळींत कसं बसवायचं, हा वेगळाच प्रश्न. त्या प्रश्नाने अक्कांचा अंगठा सुजला. कुणाच्या घरी झाडच नव्हतं. कुणी फळ बाजारातूनच आणत होतं. एका म्हातारीने मात्र अक्कांना पाऊण तास बसवून सांगितलं, की उष्टा पेरू ती शेळीला घालते, आणि शेळीचं काय करायचं ते फॉर्मात नाही. नयनाने ते समासात लिहून घेतलं.

शनिवारी दुपारी नयनाची चप्पल तुटली. तिने ती पिनेने जोडली आणि पुढच्या घरी निघाली. अक्कांनी ते पाहिलं. 'चालते बरी,' असं त्यांना वाटलं, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नयना काहीच बोलत नाही म्हणून शेवटी त्यांनीच विचारलं, "पुण्यात कुठं?"

"आता नको," नयना म्हणाली.

रविवारी संध्याकाळी एकच फॉर्म उरला. अक्कांचं स्वतःचं घर.

"हे राहू द्या," अक्का म्हणाल्या. "आमचं मला ठाऊक आहे. नाही."

"मागचंही ठाऊक होतं," नयना म्हणाली. "विचारा."

प्रतापराव ओट्यावर पेपर वाचत बसले होते. अक्का समोर उभ्या राहिल्या आणि सरकारी आवाजात म्हणाल्या, "वटवाघळाने उष्टं केलेलं फळ तुमच्या घरी खाल्लं जातं का?"

"हो," प्रतापराव म्हणाले.

"काय, हो?"

"रोज सकाळी फिरायला जातो, तेव्हा त्या कोपऱ्यावरच्या चिकूखालून उचलून आणतो. दात लागलेला भाग कापला की झालं. ते जनावर कधी कच्च्या फळाला तोंड लावत नाही, बघ. आपण बाजारात दाबून दाबून घेतो ते दगड निघतात."

अक्कांच्या हातातलं पेन थांबलं. "ते चिकू तुम्ही बाजारातून..."

"बाजारातून कधी म्हटलं मी? तू विचारलंच नाहीस. गोड आहेत म्हणालीस. दोन वर्षं खातेस."

नयनाने तोंडावर हात धरला. तीन दिवसांत पहिल्यांदा ती हसली आणि ते हसू काही केल्या थांबेना. मग डोळे पुसून तिने प्रतापरावांना समोर बसवलं आणि वर्गातला सगळा धडा पहिल्यापासून पुन्हा घेतला. असं फळ का खायचं नाही, कापून का भागत नाही. प्रतापराव माना डोलावत होते. अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. एकशेवीस घरांच्या अकलेचा हिशेब ठेवणाऱ्या बाईच्या फळांच्या टोपलीत काय आहे, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आजवर पुष्कळ माणसांना मूर्ख ठरवलं होतं. त्या यादीत आपलं नाव घालताना त्यांनी अक्षर जरा बारीक काढलं, पण घातलं. 'हो' वर खूण केली.

एकशेवीसपैकी आठ घरं. सोमवारी नयनाने ती आठ घरं सुनावणीत मांडली. पहिला आकडा खोटा होता आणि तो आमच्याच गटाकडून आला, हेही तिने सांगून टाकलं, ईशान शेजारी बसलेला असताना. पालिकेतल्या झाडांच्या साहेबांनी बराच वेळ दोन्ही गठ्ठे चाळले. नव्या गठ्ठ्यातल्या 'नाही'च्या तीन-तीन ओळी त्यांनी बऱ्याच ठिकाणी वाचल्या. शेळीपाशी थांबले. झाड राहील, मोटारींवर येणाऱ्या दोन फांद्या पिल्लांचा काळ संपल्यावर छाटाव्यात, असा हुकूम झाला. सुधींद्रांनी मोटारींसाठी कापडी छप्पर घातलं. त्याचा रंग अक्कांना पसंत नाही.

महिन्याभराने प्रमाणपत्रं वाटली. अक्कांना मिळालं नाही. टोपीही परत आली नाही. त्या मागच्या रांगेत बसल्या, आणि शिवानी आपलं प्रमाणपत्र घेऊन आधी त्यांच्याकडेच आली. मागच्या बाजूला दहा दिवसांच्या हजेरीचा तक्ता होता आणि दर दिवसापुढे प्रशिक्षक म्हणून ईशानची सही.

अक्कांनी चष्मा लावला. दहा तारखा, दहा सह्या. सगळ्या एकाच तिरकेपणाने, एका दमात, वरून खाली उतरत गेलेल्या. चौथ्या दिवशी तर ईशान आलाच नव्हता.

त्यांनी कागद शिवानीला परत दिला.

"पोरगा कच्चा आहे," त्या म्हणाल्या. "निदान पेन तरी बदलायचं."